लोकांना सांगायची कावीळ

कोल्हार,
१२ जानेवारी २०२५

ती. एस्तेरताईस, फिलिपचा सा. सलाम वि. वि.

मरियमची पेटी मी शाळेत न्यायचो, तिचा भाता पहिल्यांदा ओढला की सूर लागायच्या आधी एक उसासा यायचा, आठवतो का तुला? भात्याच्या कातड्याला कुठंतरी बारीक चीर होती. वर्गातली मुलं त्या उसाशाची वाट बघत बसायची. तो आला की पाठी ताठ व्हायच्या आणि मग साकी असो की दिंडी, अख्खा वर्ग एका दमात कवितेत उतरायचा. आज सकाळी चहा गाळताना तसाच आवाज झाला आणि मी उगाच कोपऱ्याकडे बघितलं. तिथं आता गव्हाची कोठी आहे. पेटी नाही. का नाही ते तुला ठाऊक आहे, म्हणून पुढं लिहीत नाही.

आनंदाची बातमी अशी की आपल्या आराधनाच्या मोनिकाचं लग्न ठरलं. जूनमध्ये, तिकडे डॅलसलाच. नात मांडीवर बसून माझ्याकडून बडबडगीतं म्हणून घ्यायची, ती आता नवरी होणार. आराधनाचा फोन आला तेव्हा ती स्वतःहून म्हणाली की बाबा, तुम्ही एकटे येऊ नका, जोशुआलाही आणा. आपल्या आईच्या, मरियमच्या, मातीला आली होती तेव्हा तिनं तो रिकामा कोपरा पाहिला, आणि तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. दोन्ही लेकरं एका मांडवात बघायची, यापुढं मला काही मागायचं नाही.

व्हिसाचा फॉर्म भरायला आम्ही नगरला एका एजंटाकडे जाऊन आलो. केवढे प्रश्न. तुम्ही दहशतवादी आहात का, तुम्ही कुणाचा छळ केलाय का. मी म्हटलं, अहो, मी मराठीचा मास्तर, वृत्त चुकलं म्हणून मुलांचे कान पिरगाळले तेवढाच छळ. एजंट हसला. मग त्याच ओळीत एक प्रश्न निघाला, नशेच्या पदार्थांचं व्यसन आहे का किंवा पूर्वी कधी होतं का. जोशुआ तेव्हा शेजारच्या दुकानात फोटो काढायला गेला होता. एजंट हुशार आहे. त्यानं सगळं नीट भरलं.

एक छोटी विनंती. कोणी फोन करून विचारलंच, तर जोशुआ तुझ्याकडे जामखेडला वर्षभर राहिला तो तुझ्या गुडघ्यांमुळे, एवढंच सांग.

थंडी बरी आहे. पेरूला बार चांगला आला आहे. तुझ्या मायेची ऊब आहे तोवर मला शालीची गरज नाही, ती अशीच राहू दे.

तुझा,
फिलिप


जामखेड,
२१ जानेवारी २०२५

चि. फिलिपास, अ. उ. आ.

पत्र मिळालं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. परवा टँकर आला तेव्हा दोन हंडे मी स्वतः आत आणले, शेजारची पोरगी बघत राहिली. तेव्हा माझ्या गुडघ्यांना तुझ्या कामाला जुंपू नकोस.

तू लहानपणापासून असाच. पाटी फुटली की आईला पाटीवर काय सुंदर अक्षर काढलं होतं ते सांगायचास. चहाच्या गाळणीवर पाऊण पान लिहिलंस, आणि फॉर्मवर काय लिहिलं ते मात्र कुठंच नाही. मी दवाखान्यात जन्म घालवला रे. रुग्ण कुठं दुखतं ते सोडून बाकी सगळं सांगतो, तेव्हा दुखणं कुठं आहे ते आम्हाला बरोबर कळतं.

जोशुआ माझ्याकडे आला तेव्हा त्याची अवस्था तू पाहिली नाहीस, कारण तू त्याला एसटीत बसवून परत फिरलास. मी त्याबद्दल बोलत नाही. गुंगीच्या गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बंद झाल्यावर पोराच्या अंगाचं पाणी पाणी व्हायचं. दातावर दात आपटायचे, पाण्याचा पेला तोंडापर्यंत जायचा नाही. त्या अवस्थेत त्यानं मला एकदाही उलट शब्द ऐकवला नाही. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की आधी अंघोळ करायचा. वर्षानं तो माझ्या घरातून चालत बाहेर पडला आणि नागापूरला कारखान्यात लेथवर उभा राहिला. तेव्हापासून गोळीला शिवलेला नाही. आणि तू त्याला माझ्या गुडघ्यात लपवतोस.

तिकडे तू गावाला सांगितलंस, पोराला कावीळ झाली. आराधनालाही तेच सांगितलंस. तो बिचारा गहिनीनाथ, बागाईतदार माणूस, काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन आठवड्याला तुझ्या दारात यायचा, आणि त्याची पाठ फिरली की तू ते मोरीत ओतायचास. हे मला मरियमनंच सांगितलं होतं, हसत हसत. पण तिचं हसणं कसं असायचं ते तुला माहीत आहे.

गेल्या कापणीच्या सणाला मी कोल्हारला होते. चर्चमध्ये लोकांनी जोंधळ्याची कणसं आणली, भोपळे, कोंबड्या आणल्या, देवाला वाहिल्या आणि लिलाव झाला. लिलाव संपल्यावर जोशुआ उठला आणि त्यानं साक्ष दिली. आपल्यात रीतच आहे, देवानं ज्यातून सोडवलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. त्यानं गोळ्यांचं सांगितलं, पेटीचंही सांगितलं. इतरांनी भोपळे आणले, त्यानं हे आणलं. तरुण संघाच्या मुलांनी त्याचा व्हिडिओ मोबाईलवर चढवला, मी इथं शेजाऱ्यांना दाखवते. तू मात्र त्या वेळी खाली मान घालून स्तोत्रसंहितेची पानं उलटत होतास. मला वाटलं डोळे भरून आले असतील. आता वाटतं, तसं नव्हतं.

फॉर्मवर जे लिहिलं असेल ते मुंबईला वकिलातीत जायच्या आधी जोशुआला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही. ते माझं काम नाही.

मोनिकासाठी लुगड्याचं कापड मी इथून पाठवते. तिकडे नेसत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मी देणार.

रागावले असले तरी बहीण मीच आहे, हे ध्यानात ठेवावं.

तुझी,
एस्तेरताई


कोल्हार,
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, सलाम वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा उघडलं आणि तीनदा घडी घालून ठेवलं. तू बरोबर ओळखलंस. फॉर्मवर 'नाही' आहे.

एजंटानं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी काही बोललो नाही. तो म्हणाला, मास्तर, हो लिहिलं की त्यांचा डॉक्टर आला, तपासण्या आल्या, लग्न निघून जाईल. मग तो म्हणाला, नाही टाकतो. मी मान हलवली. कशी हलवली ते मला सांगता येणार नाही, ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, पण त्याला कळली. शाळेच्या पुस्तकात खोटं बोलणारा मुलगा शेवटच्या कडव्यात सापडतोच. मी ती कविता कितीतरी वर्षं शिकवली, त्या मुलाचा चेहरा कसा असेल असं वर्गाला विचारायचो. आता दाढी करताना आरशात तो दिसतो.

यापुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तू बाहेरून ऐकशील त्यापेक्षा माझ्याकडून ऐक. एजंटानं मागाहून फोन करून सांगितलं, हे लोक मोबाईलवरचं सगळं बघतात म्हणे, मुलाचं काही चढवलेलं असेल तर काढून टाका. मी पाळकांकडे गेलो. त्यांनी मला चर्चमध्ये बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, मास्तर, पोराची साक्ष खोटी होती का. मी म्हटलं, खरी आहे म्हणूनच काढा. मग त्यांनी तरुण संघाच्या पोराला बोलावून ती काढायला लावली. मी तिथून निघालो तेव्हा त्यांनी प्रार्थना करू का असं विचारलं नाही. एरवी ते विचारल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मला अमेरिकेचीच भीती होती असं नाही. गहिनीनाथ हल्ली संध्याकाळी पारावर बसून मोबाईलवर बैलगाडा शर्यती बघतो. त्याचं बोट एखाद्या दिवशी सरकत सरकत जोशुआच्या तोंडावर येऊन थांबेल, हीच माझी खरी भीती. आम्ही एका बाकावर शिकलो. तो गणितात पुढं, मी कवितेत. त्याचा मळा वाढत गेला, माझ्याकडे एकच गोष्ट होती, घराची अब्रू. मास्तरांचं घर म्हणजे बोट ठेवायला जागा नाही. तो सगळ्यांना तसं सांगायचा. त्याच्या त्या औषधाचा कडू वास मला अजून मोरीत येतो.

जोशुआला अजून सांगितलेलं नाही. सुट्टीला घरी येतो, भांडी घासतो, माझ्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून देतो. तोंडाशी आलेलं परत जातं. मुंबईची तारीख मार्चमधली मिळाली आहे. त्याआधी सांगेन.

मला माफ कर असं म्हणण्याची माझी ऐपत नाही. तुझ्या घराच्या उंबऱ्यावर जागा असू दे, आत बोलावलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
फिलिप


नागापूर,
१९ मार्च २०२५

ती. आत्यास, जोशुआचा सलाम.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच ओरडायला लागतेस, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, लेथवर कोणी शुद्धलेखन घालत नाही.

मुंबईला जाऊन आलो. वकिलातीबाहेर रांग होती, ऊन होतं. बाबांनी माझी कॉलर सरळ केली, वरचं बटण लावलं, आणि कवितेची विसरलेली ओळ सांगावी तसं हळूच सांगितलं की नशेच्या प्रश्नावर आपण नाही लिहिलंय, तेवढं आत सांभाळून घे. साक्षसुद्धा काढलीय म्हणाले. राग आला का, तर आला. तिथंच पाठ फिरवून निघावंसं वाटलं. पण बाबांचा हात माझ्या बटणावर होता आणि तो थरथरत होता. तुझ्याकडे माझा थरथरायचा ना, पेला धरताना, अगदी तसा. मी म्हटलं, चला, रांग पुढं सरकली.

आत काचेपलीकडे एक बाई होत्या, शेजारी दुभाषा. त्यांनी बाबांना विचारलं काय शिकवायचात. बाबा म्हणाले कविता. त्या हसल्या. मला विचारलं काय करतोस, मी म्हटलं लेथवर यंत्रांचे बुश बनवतो. बहिणीबद्दल विचारलं, परत कधी येणार विचारलं. सगळं पाच मिनिटांत झालंच होतं. त्यांनी नशेचं काही विचारलंसुद्धा नाही. आत्या, मी गप्प बसलो असतो तर आज माझा पासपोर्टही त्यांच्याकडे असता.

मला ते जमलं नाही. कापणीच्या सणाला भोपळ्यांच्या बाजूला उभा राहून अख्ख्या गावासमोर जे बोललो, ते एका काचेसमोर नाही कसं म्हणू. मी दुभाष्याला सांगितलं, फॉर्ममधलं एक उत्तर चुकलंय. बाबांनी मागून सदरा ओढला. मी बोलत राहिलो. बाईंनी विचारलं, हे कुणी लिहिलं. मी सांगितलं, फॉर्म माझा आहे, जबाबदारी माझी. मग काय घ्यायचास, कधी सोडलंस, पोलीस केस झाली का, उपचार कुठं, सगळं विचारलं. केस झाली नाही, हे खरं ते सांगितलं. तुझं नाव घेतलं, जामखेडचं नाव घेतलं. दुभाष्याला जामखेड नीट म्हणता येईना.

त्यांनी मला एक कागद दिला. फॉर्म दुरुस्त करून द्यायचा, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे जाऊन रक्त-लघवी तपासून घ्यायची, मग ठरेल. पूर्वी व्यसन होतं एवढ्यावरून दार बंद होतंच असं नाही म्हणाल्या, डॉक्टर काय म्हणतो ते बघू. पण खोटं आम्हाला सापडलं असतं तर ते दार कायमचं बंद होऊ शकलं असतं. बाबांकडे बघूनच बोलल्या असं मला वाटलं. बाबांचा पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला, म्हणजे बाबांचा व्हिसा झाला.

येताना एसटी संगमनेरला थांबली. तिथं खाली उतरून बाबांनी वडापाव आणले, त्यातला मोठा मला दिला आणि विचारलं, तू माझं नाव का नाही घेतलंस. मी म्हटलं, तुम्ही माझं कावीळ सांगून झाकलं, मी तुमचं गप्प राहून झाकलं, बरोबरी झाली. असं बोलायला नको होतं. त्यांनी वडापाव तसाच कागदात गुंडाळला आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. लघवी तपासायची तर तपासा, त्यात आता चहाशिवाय काही सापडणार नाही.

तू ओरडणार ते पत्रातून ओरड, म्हणजे मला घडी घालून ठेवता येईल.

तुझा,
जोशुआ


कोल्हार,
३० मे २०२५

ती. ताईस, सलाम वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की पेन आधी तुझ्याकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि खाली बसतं.

लुगड्याचं कापड मिळालं. जांभळ्या काठाचं, मोनिकाच्या रंगाला शोभेल. बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय. माझा पासपोर्ट व्हिसासकट आला. येत्या बुधवारी मुंबईहून विमान आहे. जोशुआच्या डॉक्टरचा अहवाल चांगला आहे, त्यांनी स्वच्छ लिहून दिलं. पण वकिलातीकडून उत्तर आलं नाही. तो रोज सकाळी मोबाईलवर बघतो, रोज तीच ओळ दिसते, विचार चालू आहे. आता लग्नाच्या आत काही होत नाही हे आम्हा दोघांना कळलंय. जोशुआ माझी बॅग उचलून वजन बघतो आणि लोणच्याची बरणी बाहेर काढतो, मी परत आत ठेवतो.

मी जाणार नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, बाबा, दोघं राहिलो तर तिच्या मांडवात कोणीच नाही. आणि माझ्या हातातला फोन घेऊन त्यानं स्वतःच आराधनाला लावला. माझ्यासमोर त्यानं तिला सगळं सांगितलं. गोळ्या, पेटी, जामखेड, काचेपलीकडच्या बाई, आणि स्वतःला व्हिसा अजून का मिळाला नाही ते. फक्त फॉर्ममधलं माझं 'नाही' तेवढं परत वगळलं. मग मी फोन घेतला आणि ते मी सांगितलं.

आराधना काय म्हणाली असेल, सांग. ती म्हणाली, बाबा, कावीळ झाली म्हणून कोणी आईची पेटी विकत नाही, मला तेव्हाच कळलं होतं. मी जोशुआवर रागावले नव्हते, तो स्वतः कधी बोलेल याची वाट बघत होते; घरातला एकजण मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही मला कावीळ सांगताय, त्याचा राग होता. इतकी वर्षं मी समजत होतो की बहीणभावाच्या मधे पोराचं पाप उभं आहे. उभा मी होतो, ताई. हातात काविळीच्या औषधाची बाटली घेऊन.

मग मी पाळकांकडे गेलो. म्हटलं, ती साक्ष परत चढवा. त्यांनी तरुण संघाच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, ती मोबाईलमधूनच गेली, आता कुठं शिल्लक नाही. फळ्यावरचं पुसलं तर मुलांच्या वहीत राहतं, असं मी नेहमी म्हणायचो. हे वहीतूनही गेलं. जोशुआला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ द्या, मी अजून आहे ना. तो सहज बोलला.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज दुपारी पत्र पुरं करायला बसलो तर फाटकाबाहेर जीप थांबली. वर बघतो तर गहिनीनाथ. नेहमी तो रस्त्यावरूनच ओरडतो, मास्तर, कविता बास करा, चहा टाका. आज आवाज नाही. चपला पायरीखाली काढल्या, आणि पन्नास वर्षांत कधी नाही तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मला वाटलं, झालं, यानं पाहिलं, आता विचारणार. मी उठलो तेव्हा जुनी सवय ओठावर तयारच होती. काय बोलणार होतो देव जाणे.

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. कोपऱ्यातल्या कोठीकडे बघत म्हणाला, तुमच्या जोशुआचं देवळातलं बोलनं मोबाईलवर हुतं, दिवाळीनंतर पाह्यलं हुतं मी, तुमाला म्हनालो न्हाई, तुमाला वाईट वाटंल म्हनून. आता शोधतोय तर घावत न्हाई. आमच्या पोराला, ज्ञानेश्वरला, दावायचं हुतं. मी विचारलं, ज्ञानेश्वरला कशाला. तर टोपी काढून हातात फिरवायला लागला. म्हणाला, लई वंगाळ झालंय मास्तर, गोळ्याच हायत. आमी बी लोकांना कावीळच सांगतोय. तुमचं चाललं, म्हटलं आमचं बी चालंल.

ताई, ते शब्द मी त्याला शिकवले. एका बाकावर बसून मला त्याच्याकडून इतकी वर्षं एक ओळ पाठ करून घेता आली नाही, आणि ही एका घासात पाठ झाली.

मी त्याला सांगितलं की ते मोबाईलवरून मी काढलं. मीच. आणि का काढलं तेही सांगितलं, त्याचीच भीती वाटली म्हणून. मग एवढंच म्हणाला की औषध मोरीत ओतायचात ते मला ठावं हुतं, वैनींनी सांगितलं हुतं, पर रिकाम्या हातानं दारात यायचं कसं. आणि विचारलं, जोशुआ हाय का घरात, का गेला अमेरिकेला.

मी आत हाक मारली. हाक मारताना पेटीच्या भात्यासारखा माझा श्वास आधी बाहेर पडला, सूर मागून आला. जोशुआ माझा इस्त्रीचा सदरा हातात घेऊन बाहेर आला. त्यानं गहिनीनाथाकडे बघितलं, मग फाटकाकडे. जीपमध्ये मागच्या सीटवर ज्ञानेश्वर बसलेला आहे, खिडकीच्या काचेला डोकं टेकून, उतरत नाही. जोशुआनं सदरा माझ्या हातात दिला आणि चपला न घालता तापलेल्या फरशीवरून तो तिकडे निघालाय.

पत्र इथंच सोडतो. चहा टाकायचा आहे, चार माणसांचा. तिकडून लिहीन. तू मात्र तुझे ते ठणठणीत गुडघे घेऊन इकडे ये, तुझी गरज लागेल असं दिसतंय.

तुझा,
फिलिप